सूत्रकृमींवर चेतापेशींच्या ऱ्हासाचा अभ्यास: सांगलीत बसून सुरुवात करणाऱ्यांसाठी

तासगावला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. मी प्रयोगशाळेत सूत्रकृमींवर काम करते हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “मग मुळांवरच्या गाठींना ड्रिपमधून काय सोडायचं?” आपल्या भागात सूत्रकृमी म्हटले की द्राक्ष-डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारी कीडच डोळ्यांसमोर येते, म्हणून हा गैरसमज आधीच दूर करते. या लेखातला सूत्रकृमी म्हणजे सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स, रोजच्या बोलण्यात सी. एलिगन्स. तो पिकाच्या वाटेला जात नाही. कुजणाऱ्या फळांवर आणि पालापाचोळ्यावर वाढणारे जिवाणू खाऊन जगतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो आणि काचेसारखा पारदर्शक असल्यामुळे जिवंतपणीच त्याच्या पेशीत काय चालले आहे ते दिसते.

अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन अशा आजारांत चेतापेशींमध्ये किंवा त्यांच्या आसपास चुकीच्या घडीची प्रथिने साचतात आणि पेशी हळूहळू निकामी होतात. माणसात हे व्हायला दशके लागतात, या कृमीत काही दिवस. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये त्याचे जनुकशास्त्र मांडले आणि १९८६ मध्ये त्याच्या चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा प्रसिद्ध झाला. उभयलिंगी कृमीत बरोबर ३०२ चेतापेशी असतात आणि प्रत्येकीला नाव आहे. म्हणूनच ‘काही चेतापेशी मेल्या’ असे मोघम न लिहिता कोणती पेशी मेली हे इथे नावानिशी सांगता येते.

मी एमएस्सीच्या प्रबंधासाठी सांगलीतल्या एका महाविद्यालयात हे काम शून्यातून सुरू केले. पहिले सहा महिने ज्या चुकांत गेले, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे.

१. आधी प्रश्न, मग स्ट्रेन

बहुतेक विद्यार्थी ‘मला अल्झायमरवर काम करायचे आहे’ असे म्हणत येतात. हा प्रश्न नव्हे, हे आजाराचे नाव झाले. प्रथिनांच्या गुठळ्या कधी बनतात, पेशी त्या कशा आवरते, की गुठळ्या असूनही पेशी का टिकते, यांपैकी नेमके काय पाहायचे आहे ते ठरवल्याशिवाय स्ट्रेन, म्हणजे कृमीचा ठरावीक जनुकीय वाण, निवडता येत नाही. नवख्या हातांना झेपतील असे चार स्ट्रेन सांगते.

एएम १४१ मध्ये ग्लुटामाइनची ४० घटकांची साखळी पिवळ्या चमकत्या प्रथिनाला जोडलेली आहे. हंटिंग्टनच्या आजारात माणसाच्या जनुकातील ही साखळी ३६ च्या पुढे गेली की धोका सुरू होतो आणि ४० च्या पुढे आजार जवळपास अटळ होतो. कृमीतही उंबरठा त्याच सुमारास आहे: २४ घटकांची साखळी पेशीभर सारखी पसरलेली दिसते, तर ४० घटकांची साखळी तरुण वयातच ठिपक्यांत गोळा होते. एनएल ५९०१ मध्ये मानवी अल्फा-सिन्युक्लीन असते, म्हणजे पार्किन्सनशी निगडित प्रथिन. सीएल ४१७६ मध्ये तापमान वाढवले की मानवी अमायलॉइड-बीटा, म्हणजे अल्झायमरशी निगडित प्रथिन, तयार होऊ लागते आणि कृमी लुळा पडतो. बीझेड ५५५ मध्ये कोणतेही रोगकारक प्रथिन नाही; त्यात फक्त डोपामाइन बनवणाऱ्या आठ चेतापेशी हिरव्या चमकतात, चार सीईपी, दोन एडीई आणि दोन पीडीई. त्या एकेक करून मोजता येतात.

इथेच पहिला सापळा आहे, आणि छापून आलेल्या लेखांतही लोक त्यात पडलेले मी पाहिले आहेत. वरच्या चारपैकी पहिल्या तीन स्ट्रेनमध्ये ते प्रथिन चेतापेशीत बनत नाही, शरीराच्या भिंतीतील स्नायूंत बनते. स्नायूपेशी मोठ्या असतात आणि गुठळ्या मोजायला सोप्या पडतात, म्हणून तशी रचना केली गेली. प्रथिनांची घडी, ती घडी सांभाळणारी चॅपरोन प्रथिने, निकामी प्रथिने तोडणारे प्रोटिअसोम, पेशीने स्वतःचाच कचरा पचवणे म्हणजे स्वभक्षण, हे सगळे तिथे उत्तम अभ्यासता येते. पण त्यावरून ‘चेतापेशी वाचल्या’ असे लिहिता येत नाही. शिवाय या कृमीला स्वतःचे अल्फा-सिन्युक्लीन नाही, मायलिन (चेतातंतूंवरचे वेष्टन) नाही, मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) नाहीत. जे नाही ते प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहून टाका. तोंडी परीक्षेत प्रश्न तिथूनच येतात.

२. कागदपत्रे

हे स्ट्रेन जनुकीय बदल केलेले सजीव आहेत. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची लेखी मंजुरी लागते. अर्जाबरोबर साधारणपणे पुढील कागद जोडा:

प्रकल्पाचा आराखडा आणि मार्गदर्शकांचे पत्र;
प्रत्येक स्ट्रेनचे नाव, त्यातील बाहेरचे जनुक आणि ते कोणत्या ऊतीत चालते याचा तक्ता;
वापरून झालेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच) टाकल्या जातील असे हमीपत्र;
वापरायच्या विषारी रसायनांची यादी.

महाविद्यालयात अशी समिती नसेल तर ज्या संस्थेत आहे तिच्याशी लेखी सहकार्य करा; मंजुरीशिवाय स्ट्रेन मागवू नका. बहुतेक स्ट्रेन अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या सीनोऱ्हॅब्डायटिस जेनेटिक्स सेंटरमध्ये, म्हणजे सीजीसीमध्ये, मिळतात. मात्र परदेशातून पार्सल आणण्यापूर्वी देशातच विचारून पाहा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था येथे या कृमीवर काम झालेले आहे. मला पहिला स्ट्रेन एका साध्या, नम्र ईमेलवर मिळाला होता. प्लेट कुरियरने येते तेव्हा कृमी उपाशी आणि मलूल दिसतात. घाबरू नका, अगारचा छोटा तुकडा कापून ताज्या जिवाणूंच्या प्लेटवर पालथा ठेवा, तासाभरात ते बाहेर पडतात.

३. साहित्य

खालून प्रकाश येणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप, थंड करू शकणारे बीओडी इन्क्युबेटर, ऑटोक्लेव्ह, ६० मिलिमीटरच्या प्लेटा, बर्नर, सेंट्रिफ्यूज आणि प्लॅटिनमची तार हवी. फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप रोज लागत नाही, तो आठवड्यातून एक दिवस दुसरीकडे जाऊन वापरला तरी चालते.

प्लॅटिनमच्या तारेचा तुकडा काचेच्या पिपेटच्या टोकात वितळवून बसवतात आणि तिचे टोक चपटे करतात, बारीक उलथन्यासारखे. मी पक्कडीने चपटे करायला गेले आणि कडेला काटेरी धार राहिली. ती अगार फाडायची, मग कृमी फटीत शिरून दिसेनासे व्हायचे. शेवटी सराफ कट्ट्यावरच्या एका कारागिराने छोट्या ऐरणीवर दोन ठोके मारून ते टोक गुळगुळीत करून दिले आणि पैसेही घेतले नाहीत. तीच तार आजही वापरते.

४. प्लेटा ओतणे

एक लिटर माध्यमासाठी मीठ ३ ग्रॅम, पेप्टोन २.५ ग्रॅम, अगार १७ ग्रॅम आणि पाणी ९७५ मिलिलिटर घेऊन ऑटोक्लेव्ह करा. साधारण ५५ अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावर त्यात प्रतिमिलिलिटर ५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असलेले इथेनॉलचे द्रावण १ मिलिलिटर, १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिलिलिटर, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिलिलिटर आणि पीएच ६ चे १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट २५ मिलिलिटर घाला. प्रत्येक द्रावण घातल्यावर नीट ढवळा आणि मगच पुढचे घाला. कॅल्शियम व फॉस्फेट एकदम ओतले की माध्यम दुधाळ होते आणि त्या साक्यातून कृमी नीट दिसत नाहीत. कोलेस्टेरॉल विसरू नका, कारण हा कृमी ते स्वतः बनवू शकत नाही. विसरल्याचे पहिल्या पिढीत ध्यानात येत नाही, पुढच्या पिढीत सगळे बिघडते.

प्लेटा दोन-तीन दिवस सुकू द्या, मग मधोमध ओपी ५० या ई. कोलाय जिवाणूंचा थेंब सोडा. कडेपर्यंत पसरवू नका, नाहीतर कृमी भिंतीवर चढून वाळून मरतात. पावसाळ्यात सांगलीच्या हवेतली बुरशी हा स्वतंत्र विषय आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गरजेपेक्षा दीडपट प्लेटा ओतून ठेवा.

५. तापमान

या एका बाबतीत आपले गाव आपल्या विरोधात आहे. कृमी १५ ते २५ अंशांत वाढवतात आणि प्रमाण तापमान २० अंश मानतात. २० अंशांना अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण साडेतीन दिवस लागतात, एक उभयलिंगी कृमी सुमारे ३०० अंडी देतो आणि दोन ते तीन आठवडे जगतो. २५ च्या पुढे प्रजनन बिघडते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मायक्रोस्कोपखाली पाऊण तास उघड्यावर ठेवलेली प्लेट हीसुद्धा उष्णतेचा धक्का बसलेली प्लेट असते. उष्णतेच्या धक्क्याने पेशीतील चॅपरोन वाढतात, आणि चॅपरोन वाढले की तुम्ही मोजायला निघालेल्या गुठळ्याच बदलतात. म्हणून उन्हाळ्यात मोजणी पहाटे किंवा वातानुकूलित खोलीत करा, प्लेटा चार-चारच्या संचाने बाहेर काढा आणि इन्क्युबेटरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. आत पाण्याच्या बाटलीत बुडवलेला साधा तापमापक ठेवा. आमच्या यंत्रात वरच्या आणि खालच्या कप्प्यांत दोन अंशांचा फरक निघाला होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर असूनही वीज कित्येक दिवस नव्हती. परत गेल्यावर एन २ या साध्या स्ट्रेनच्या प्लेटांवर जिवाणू पूर्ण संपलेले होते, पण बारीक, ताठ, काडीसारख्या पडून राहिलेल्या डावर अवस्थेतल्या, म्हणजे उपासमारीत तग धरण्याच्या अवस्थेतल्या, अळ्या जिवंत होत्या. ताज्या प्लेटवर टाकताच त्या हलू लागल्या. सीएल ४१७६ मात्र एकही वाचला नाही. तो १६ अंशांना सांभाळावा लागतो, आणि खोलीचे तापमान वाढले तसे अमायलॉइड बनत गेले. प्रयोगासाठी बसवलेली कळ पुरानेच दाबली होती.

६. एकाच वयाचे कृमी मिळवणे

गुठळ्या वयाबरोबर वाढतात. म्हणून मिश्र वयाच्या प्लेटवरची मोजणी निरर्थक असते. अंडी भरलेले प्रौढ पाण्याने धुऊन ३.५ मिलिलिटर करा, त्यात १ मिलिलिटर ब्लीच आणि अर्धा मिलिलिटर ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड यांचे ताजे मिश्रण घाला. प्रौढ विरघळतात, अंडी कवचामुळे टिकतात. घड्याळाकडे पाहू नका, मायक्रोस्कोपमध्ये पाहा: शरीरे मधोमध तुटू लागली की लगेच सेंट्रिफ्यूज करून एम ९ या क्षारांच्या द्रावणाने तीनदा धुवा. दहा मिनिटांच्या वर गेलात तर अंडीही मरतात. किराणा दुकानातले जुने ब्लीच कमजोर झालेले असते; मी एका महिन्यात तीन वेळा फसले आणि दोष कृमींना देत राहिले.

अंडी रात्रभर अन्नाविना एम ९ मध्ये फिरवत ठेवली की सगळी पिले पहिल्या अवस्थेत थांबतात. दुसऱ्या दिवशी प्लेटवर टाका, म्हणजे सगळे एकत्र वाढतात. चौथी अळी अवस्था ओळखायची खूण अगदी आपली आहे: शरीराच्या मधोमध एक पांढरी चंद्रकोर दिसते. ती दिसली की काही तासांत तो प्रौढ होतो.

प्रौढांची पिले मोजणीत मिसळू नयेत म्हणून अनेक जण एफयूडीआर हे औषध घालतात. ते सोयीचे आहे, पण पेशीतील प्रथिनांची घडी सांभाळणाऱ्या यंत्रणेवर त्याचा स्वतःचाच परिणाम होतो, म्हणजे तुमच्या प्रश्नावरच. वेळ असेल तर प्रौढ रोज नव्या प्लेटवर उचला. हात दुखतो, पण उत्तर स्वच्छ मिळते.

७. काय आणि कसे मोजायचे

सीएल ४१७६ च्या समवयस्क अळ्या १६ अंशांवर दोन दिवस वाढवून २५ अंशांना हलवा. वीसेक तासांनंतर दर दोन तासांनी मोजा. लुळा पडलेला कृमी ओळखायला शिका: धड हलत नाही, पण डोके डावी-उजवीकडे वळत राहते, आणि तोंड पोहोचते तेवढेच जिवाणू खाल्ल्यामुळे डोक्याभोवती स्वच्छ अर्धवर्तुळ उमटते. ते अर्धवर्तुळ पहिल्यांदा दिसले तेव्हा मी बराच वेळ भिंगातून डोळा काढू शकले नव्हते. तारेने हळूच स्पर्श करूनही धड सरकले नाही तरच लुळा म्हणा. सोबत सीएल ८०२ हा अमायलॉइड नसलेला स्ट्रेन त्याच तापमानाला, त्याच कप्प्यात हवा.

एएम १४१ आणि एनएल ५९०१ मध्ये ठिपके मोजताना प्रत्येक चमकता ठिपका म्हणजे गुठळी असे गृहीत धरू नका. खरी गुठळी अचल असते. लेझरने तिचा तुकडा विझवला तर आजूबाजूचे प्रथिन आत येऊन ती पुन्हा उजळत नाही. हे यंत्र जवळ नसेल तर निकालात ‘ठिपके’ असेच लिहा. कृमींना स्थिर करण्यासाठी सोडियम अझाइडपेक्षा लेव्हामिसोल बरे, कारण अझाइड मायटोकॉन्ड्रियाचे श्वसन थांबवते आणि ते विषारीही आहे.

बीझेड ५५५ मध्ये ६-हायड्रॉक्सीडोपामाइन देऊन डोपामाइनच्या चेतापेशी मारतात. हे रसायन हवेने लगेच बिघडते, म्हणून अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाबरोबर ऐनवेळी बनवा. द्रावण गुलाबी दिसू लागले की फेकून द्या. मोजताना चेतापेशीचे शरीर आहे की नाही एवढेच पाहू नका. ऱ्हास बहुधा टोकाच्या तंतूंपासून सुरू होतो: आधी तंतूवर मणी दिसतात, मग तो तुटतो, आणि शेवटी पेशीचा गोळा विझतो.

आरएनए हस्तक्षेपाने एखादे जनुक बंद करायचे असेल तर एचटी ११५ जिवाणूंतून दुहेरी आरएनए खाऊ घालतात. स्नायूंत हे छान चालते, चेतापेशी मात्र त्याला दाद देत नाहीत, कारण आरएनए आत घेणारे सिड-१ प्रथिन त्यांच्यात पुरेसे नसते. त्यासाठी चेतापेशींत सिड-१ बसवलेला स्ट्रेन वापरावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘या जनुकाचा काही परिणाम नाही’ असा निष्कर्ष मी जवळजवळ लिहून बसले होते.

स्पर्श जाणणाऱ्या सहा चेतापेशींकडे मात्र सवड काढून पाहाच. मोनिका ड्रिस्कॉल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की गुठळ्यांनी भरलेली अशी चेतापेशी कधी कधी आपल्या अंगातला कचरा, प्रसंगी मायटोकॉन्ड्रियासुद्धा, एका मोठ्या फुग्यात भरून बाहेर ढकलते आणि शेजारची त्वचापेशी तो गिळते. या फुग्याला एक्सोफर म्हणतात.

८. हळदीचा मोह

सांगलीची हळद म्हटल्यावर प्रत्येक तुकडीत एक तरी जण ‘राजापुरी हळदीचा अर्क आणि अल्झायमर’ असा विषय घेऊन येतो. मीही आले होते. २०१८ मध्ये आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले होते, त्यामुळे उत्साह अधिकच होता. विषय वाईट नाही, पण यात पडण्याआधी पुढील गोष्टी लक्षात घ्या.

कर्क्युमिन स्वतःच निळ्या प्रकाशात पिवळसर-हिरवे चमकते. हिरव्या किंवा पिवळ्या चमकत्या प्रथिनाच्या गुठळ्या मोजताना आतड्यात साचलेले कर्क्युमिनही मोजले जाऊ शकते, म्हणून एन २ कृमींनाही तोच अर्क देऊन रिकामी चमक पाहायलाच हवी. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ हा द्रावक वापरतात. मग नियंत्रण प्लेटमध्ये तितकेच डीएमएसओ हवे. अल्कधर्मी द्रावणात आणि उजेडात ते लवकर विघटित होते, त्यामुळे प्लेटा वापराच्या दिवशीच बनवून अंधारात ठेवा.

सर्वांत मोठी फसगत जिवाणूंची आहे. मसाल्यांचे अर्क जिवाणूंची वाढ रोखतात. मग कृमीला खायला कमी मिळते, आणि अर्धपोटी कृमी मुळातच जास्त जगतो व त्याच्यात गुठळ्याही कमी दिसतात. माझ्या पहिल्या प्रयोगात हळदीच्या प्लेटवरचे कृमी सुंदर, चपळ आणि कमी ठिपक्यांचे निघाले. मार्गदर्शकांनी प्लेट प्रकाशासमोर धरली, जिवाणूंचा थर किती विरळ आहे ते बोटाने दाखवले आणि काही न बोलता परत दिली. त्यानंतर उष्णतेने मारलेले जिवाणू दोन्ही गटांना सारखे दिले आणि घशाची धडधड दर मिनिटाला मोजून खाणे सारखे आहे याची खात्री केली. फरक बराच आटला. जो उरला, तोच प्रबंधात लिहिला.

आणखी एक पडताळणी बहुतेक जण टाळतात: अर्काने गुठळ्या कमी झाल्या की ते प्रथिनच कमी बनू लागले? त्याच प्रवर्तकावर (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) फक्त चमकते प्रथिन असलेला स्ट्रेन सोबत ठेवा, किंवा वेस्टर्न ब्लॉट या प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखण्याच्या पद्धतीने एकूण प्रथिन मोजा.

मोजणी नेहमी सांकेतिक क्रमांक लावूनच करा. आमच्याकडे प्लेटांवरची नावे झाकून आकडे चिकटवण्याचे काम प्रयोगशाळा सहायक काका करत आणि यादी आपल्या खिशात ठेवत. सगळी मोजणी वहीत उतरल्याशिवाय ती द्यायची नाही हे ठरलेले होते. चहाचे आमिष दाखवूनही ते बधले नाहीत.

९. गोठवून ठेवणे

स्ट्रेन हाती आल्यावर पहिल्याच महिन्यात हे करा. पिढ्यांमागून पिढ्या वाढवत राहिल्यास बाहेरून घातलेले जनुक बदलू किंवा गप्प होऊ शकते, आणि मग तुमचा सहाव्या महिन्यातला स्ट्रेन पहिल्या महिन्यातला राहत नाही. नुकत्याच उपाशी पडलेल्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतील अळ्या धुऊन घ्या, ३० टक्के ग्लिसरॉल असलेले द्रावण तितकेच मिसळा, नळ्या जाड थर्माकोलच्या डब्यात घालून उणे ८० अंशांवर रात्रभर हळूहळू थंड होऊ द्या. प्रौढ कृमी गोठवून वाचत नाहीत. दुसऱ्या दिवशी एक नळी वितळवून प्लेटवर ओता. अळ्या हलताना दिसल्या तरच बाकीच्या नळ्यांवर विसंबा.

नळ्यांचे दोन संच करा आणि दुसरा संच वरच्या मजल्यावर नव्हे, दुसऱ्या गावी ठेवा. पुरानंतर सीएल ४१७६ पुन्हा मिळवायला मला चार महिने लागले. आता त्याच्या सहा नळ्या पुण्यात एका मैत्रिणीच्या फ्रीझरमध्ये आहेत, आणि झाकणावर नाव, तारीख व ‘१६ अंश’ असे न पुसणाऱ्या शाईने लिहिलेले आहे.